पान एकोणिसावरचा घेवडा

काकांनी आपल्या अर्ध्या एकरात मका आणि घेवडा लावायचं ठरवलं ते एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता. आदल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं होतं की शुक्रवारपासून आपण तोंडातून एकूण चार वाक्यं काढली आहेत. त्यांतली दोन दूधवाल्याला उद्देशून होती, एक टीव्हीवरच्या निवेदिकेचं व्याकरण सुधारण्यासाठी होतं, आणि चौथं रविवारी फोनवर मुलीला म्हटलेलं 'सगळं ठीक' हे होतं. ते वाक्य तरी पूर्ण आहे का, यावर काकांनी बराच वेळ विचार केला आणि क्रियापद नसल्यामुळे ते बाद केलं. म्हणजे तीनच.

काका सरकारी छापखान्यात बत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापायच्या मजकुरातल्या चुका शोधून त्या लाल शाईनं दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. छापखान्यात त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणत. हे टोपणनाव कौतुकानं पडलं आहे असा त्यांचा निवृत्तीच्या दिवसापर्यंत समज होता. शेतकी खात्याच्या सगळ्या पुस्तिका त्यांच्या हातून गेल्या होत्या, आणि प्रत्येक पुस्तिका तीनदा वाचायची हा त्यांचा नेम होता. त्यामुळे लिंबावरची कीड, गाईचे खूर, विहिरीचा गाळ या सगळ्यांबद्दल त्यांना इतकी माहिती होती की शेतकऱ्याला लाज वाटावी. फक्त मातीला हात लावायची वेळ कधी आली नव्हती.

जमीन होती. शहराबाहेर, बसच्या शेवटच्या थांब्यावरून पंधरा मिनिटं चालत गेलं की लागायची. तिथं घर बांधायचं काकूंच्या मनात होतं. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. घराचा नकाशा कपाटावर गुंडाळी करून पडला होता आणि जमिनीवर गवत वाढलं होतं. काकांनी कपाट उघडलं. आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक पुस्तिकेची एक प्रत त्यांनी जपून ठेवली होती. त्यांतून 'थोड्या जमिनीत दोन पिकं' ही हिरव्या मुखपृष्ठाची पुस्तिका त्यांनी बाहेर काढली. मक्याच्या ओळींमध्ये वेलीचा घेवडा लावायचा. घेवडा मक्यावर चढतो, मका त्याला आधार देतो, घेवड्याची मुळं जमिनीला नत्र देतात, पानांच्या सावलीत ओल टिकते, तण कमी येतं, आणि खताची गोणी न वाढवता तेवढ्याच जमिनीतून दोन पिकं घरी येतात. पुस्तिकेत याला 'शाश्वत सघनीकरण' असं भारदस्त नाव होतं. काकांना त्या शब्दापेक्षा मक्याचा आणि घेवड्याचा संसार जास्त आवडला. एकानं उभं राहायचं, दुसऱ्यानं धरायचं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

बातमी जिन्यावरून वर गेली. वरच्या मजल्यावर वीज खात्यातले निवृत्त इंजिनियर राहत. काकांशी त्यांचं गेल्या वर्षभरात फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलणं झालं होतं, पण शेतीचा विषय निघताच ते वाटीभर शेंगदाणे घेऊन खाली आले आणि पाऊण तास बसले. मक्यात काही राम नाही, साग लावा, असं त्यांचं मत पडलं. साग तयार व्हायला पंचवीस वर्षं लागतात हे काकांनी लक्षात आणून दिलं, तेव्हा इंजिनियर म्हणाले की दूरदृष्टी ठेवावी माणसानं. काकांचं वय चौसष्ट होतं. तळमजल्यावरच्या औषधवाल्यानं शेळ्या सुचवल्या. समोरच्या दारातल्या शिक्षिका बाईंनी दार अर्धं उघडून, साखळी तशीच ठेवून, सूर्यफुलाची बाजू मांडली. तीन दिवसांत काकांच्या घराची घंटा सात वेळा वाजली. चौथ्या दिवशी सगळ्यांचे सल्ले संपले आणि जिना पुन्हा पूर्वीसारखा शांत झाला. आपण शेळ्यांच्या बाजूनं थोडं झुकलो असतो तर आणखी दोन दिवस निघाले असते, असं काकांच्या मनात येऊन गेलं.

पुस्तिकेच्या पान एकोणिसावर स्पष्ट छापलं होतं: 'घेवडा मक्याच्या वीस दिवस आधी पेरावा.' काकांनी टोपी, फूटपट्टी, सुतळी आणि एक घडीची खुर्ची घेतली, बस पकडली आणि घेवडा पेरायला सुरुवात केली. ओळी सरळ याव्यात म्हणून ते प्रत्येक बी फूटपट्टीनं मोजून टाकत होते. दोन तासांत दीड ओळ झाली.

शेजारच्या शेतातल्या ताई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. साठीला टेकलेल्या, उन्हानं रापलेल्या, हातात खुरपं. त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं.

"भाऊ, आधी मका लावतात," त्या शेवटी म्हणाल्या.

काकांनी चष्मा वर केला. लोकांच्या चुका काढण्यात बत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला कोणी वाटेवरून चूक दाखवली की नाकाला मिरच्या झोंबतातच. त्यांनी खिशातून पुस्तिका काढली, पान एकोणीस उघडलं आणि ते वाक्य मोठ्यानं, विरामचिन्हांसकट वाचून दाखवलं. ताई त्या हिरव्या मुखपृष्ठाकडे बघत राहिल्या.

"छापलंय तसं? मग ठीक आहे," एवढं म्हणून त्या परत गेल्या.

काकांना विजयाचा आनंद साधारण बसथांब्यापर्यंत पुरला.

आता वीस दिवसांत मक्याचं सुधारित बियाणं मिळवायचं होतं. ते शेतकी कार्यालयातच मिळे, आणि पिकाची नोंद असलेल्यालाच मिळे. नोंदीच्या अर्जात 'पिकाचं नाव' यापुढे एकच चौकट होती. काकांनी सुवाच्य अक्षरात 'मका व घेवडा' असं लिहिलं. खिडकीतल्या कारकुनानं ते संगणकात घातलं आणि संगणकानं नकार दिला. 'व' नावाचं पीक यादीत नाही, असं कारकुनानं सांगितलं. काकांनी समजावलं की ते उभयान्वयी अव्यय आहे. कारकून म्हणाला, असेल, पण यादीत नाही. काकांनी खिडकीतून पुस्तिका आत सरकवली. तुमचंच खातं दोन पिकं घ्या म्हणतं, असं निदर्शनास आणलं. त्यावर कारकुनानं कसलाही राग न धरता खुलासा केला की पुस्तिका काढणारा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे, नोंदी पहिल्या मजल्यावर होतात, आणि दोघांची भेट होत नाही.

तोडगा म्हणून त्यानं जमिनीचे दोन तुकडे दाखवायला सुचवलं: एकात मका, एकात घेवडा. पण मग मिश्रपीक कुठं राहिलं, असं काकांनी विचारलं. हा प्रश्न कारकुनाला आवडला. त्यानं तो वरिष्ठांना विचारून ठेवतो म्हणून सांगितलं आणि वरिष्ठ सोमवारपर्यंत रजेवर होते.

काका कार्यालयात चार वेळा गेले. खरं तर तीन खेपांत भागलं असतं. चौथ्यांदा ते फक्त 'काही कळलं का' एवढं विचारायला गेले, कारण तिथल्या बाकावर बसलं की शेजारचा माणूस आपणहून बोलायला लागतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. घेवडा पेरल्यापासून सतराव्या दिवशी कारकुनानं धाडस केलं आणि पिकाच्या जागी 'इतर' निवडलं. संगणकानं ते गोड मानून घेतलं आणि 'इतर'मधली पहिली नोंद आपणहून उचलली. पावती बाहेर आली. काकांची नजर सवयीनं थेट चुकीवर गेली. पिकाचं नाव होतं, 'शेततळ्यातील मासे'.

दुरुस्तीचा अर्ज पंधरा दिवसांनी करता येतो, असं कळलं. बियाणं तर तीन दिवसांत हवं होतं. गोदामातल्या माणसानं पावती उलटसुलट पाहिली, काकांकडे पाहिलं, आणि मासे मका खातात का याची त्याला स्वतःला कल्पना नसल्यामुळे पिशवी देऊन टाकली.

विसाव्या दिवशी काकांनी मका पेरला. तोवर घेवडा वीतभर वर आला होता आणि धरायला काहीतरी शोधत होता. पुस्तिकेप्रमाणे त्यानं मक्याला धरायला हवं होतं. पण मका अजून मातीतून डोकं काढत होता. घेवडा थांबला नाही. त्यानं आधी सुतळीच्या खुंट्या धरल्या, मग कुंपण, मग काही सापडेना तेव्हा एकमेकांना. महिन्याभरात शेतावर हिरवी गादी पसरली. तिच्या खाली, अंधारात, मक्याची पिवळी रोपं प्रकाशासाठी टाचा उंचावून उभी होती. काका रोज वेल हातानं बाजूला करत आणि मक्याला म्हणत, थोडं थांब, पान एकविसावर परिस्थिती सुधारते.

हो, ते मक्याशी बोलत होते. रोज साधारण वीस-पंचवीस वाक्यं होत. क्रियापदांसकट.

ताई बांधापलीकडून बघायच्या. एकदा त्यांनी न विचारता वाळक्या काठ्यांचा एक भारा आणून टाकला. काकांनी आभार मानले तेव्हा वेल माझ्या पाण्याच्या नळीवर चढायला लागलाय म्हणून आणल्या, असं सांगून त्या गेल्या. बोलणं त्यापुढे गेलं नाही. त्यांची दोन्ही मुलं शहरात कामाला होती, एवढं काकांना बसच्या कंडक्टरकडून कळलं होतं.

दुसऱ्या महिन्यात मोटारसायकलवरून एक पर्यवेक्षक आला. त्याच्या हातात पाण्याची खोली मोजायची लांब काठी होती. तळं कुठंय, असं त्यानं विचारलं. काकांनी पहिल्यापासून सगळा इतिहास सांगितला. उभयान्वयी अव्ययापाशी पर्यवेक्षकानं घडीची खुर्ची उघडली आणि बसला. ऐकून झाल्यावर तो काळजीत पडला. 'मासे आढळले नाहीत' असं लिहिलं तर मासे गेले कुठं याची चौकशी लागणार, आणि चौकशी आधी त्याच्याच गळ्यात पडणार. त्यानं शेताला एक फेरी मारली. दोन पिकं दिसली. शेवटी त्यानं अहवालात लिहिलं: 'मिश्रपीक प्रात्यक्षिक क्षेत्र. कार्यवाही सुरू.'

सरकारचं कुठलंही काम काकांनी आयुष्यात इतक्या वेगानं झालेलं पाहिलं नव्हतं. आठ दिवसांत दोन माणसं आली आणि शेताच्या तोंडाशी लोखंडी पाटी रोवून गेली. 'आदर्श प्रात्यक्षिक: मका-घेवडा मिश्रपीक.' खाली शेतदिनाची तारीख होती. त्या दिवशी आसपासचे लहान शेतकरी येणार आणि काका त्यांना मार्गदर्शन करणार. पाटीवर ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती, याचं काकांना मनापासून कौतुक वाटलं. नंतर त्यांनी पाटीमागच्या शेताकडे पाहिलं आणि पाटी पुन्हा एकदा वाचली.

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला. घरात दोन खोल्या, तिसरा मजला, आणि पाण्याचा तांब्या पलंगापासून चार पावलांवर. ती चार पावलं पहिल्या दिवशी दहा वाटली, दुसऱ्या दिवशी वीस. दूधवाला पिशवी कडीला लावून जायचा. तिसऱ्या दिवशी कडीला तीन पिशव्या झाल्या, तेव्हा चौथी त्यानं खाली ठेवली. वरून इंजिनियरांच्या खोकल्याचा आवाज येई. रविवारी मुलीचा फोन आला. काकांनी घसा साफ करून 'सगळं ठीक' म्हटलं. ती म्हणाली, आवाज बसलाय का. ते म्हणाले, लाइन खराब आहे. फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं की आपण हे नीट केलं नाही. पण पुन्हा फोन लावून 'मघाशी चुकीचं सांगितलं' असं म्हणायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तरी जमलं नसतं.

सातव्या दिवशी ते काठी टेकत शेतावर गेले. सहा दिवसांत घेवड्यानं पाटी गिळली होती. 'आदर्श' एवढाच शब्द बाहेर होता. त्यानं घडीची खुर्चीही घेतली होती; चारही पाय, पाठ, हात, सगळं वेलात गुरफटलेलं, आणि बैठकीवर एक पांढरं फूल. काका ती खुर्ची सोडवायला वाकले, तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"सहा दिवस दिसला नाहीत."

काका वळले. ताप होता, असं ते म्हणाले. ताईंनी मान हलवली आणि पाणी पाजायला निघून गेल्या. काका मात्र तसेच उभे राहिले. कोणीतरी दिवस मोजले होते. पाच नाही, सात नाही, बरोबर सहा.

शेतदिनाच्या आधी चार दिवस कार्यालयातून एक तरुण अधिकारी बाई पाहणीला आल्या. त्या गाडीतून उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि थांबल्या.

"काका, घेवडा आधी लावायला कोणी सांगितलं?"

काका या प्रश्नाची जणू दोन महिने वाट पाहत होते. त्यांनी पुस्तिका काढली आणि पान एकोणीस पुढे केलं. बाईंनी वाचलं, हसू आवरलं आणि आपल्या पिशवीतून तीच पुस्तिका काढली, फक्त मुखपृष्ठ निळं. दुसरी आवृत्ती, खाजगी छापखान्यात छापलेली. पान एकोणीस. 'घेवडा मक्याच्या वीस दिवसांनंतर पेरावा.' पहिल्या आवृत्तीत छापखान्याची चूक झाली होती, त्या म्हणाल्या. मूळ हस्तलिखितात 'नंतर'च होतं, वर्षभरानं कोणाच्या तरी लक्षात आलं. आधी मका वाढू द्यायचा, मग घेवडा, नाहीतर तो मक्याला झाकून टाकतो. अहो, हे तर अगदी साधं आहे, असं त्या म्हणाल्या, आणि काकांचा चेहरा पाहून त्यांनी ते वाक्य मऊ केलं. घाबरू नका, कार्यक्रम रद्द करायचा नाही. चुकलेलं प्रात्यक्षिक हेसुद्धा प्रात्यक्षिकच असतं. लोकांना दाखवू की असं करू नका. शिवाय जमीन झाकलेली राहिली आहे, तण जवळजवळ नाही, मातीला नत्र मिळालं आहे. पुढच्या हंगामाला फायदाच होईल. अक्षरजुळणी करणाऱ्यानं घोटाळा केला, एवढं मी सांगेन, तुमच्यावर काही येणार नाही.

त्या गेल्यावर काकांनी बसनं घरी येऊन कपाट उघडलं आणि त्या पुस्तिकेची तपासणीची मुद्रितं शोधून काढली. ती त्यांनी जपून ठेवली होती, अभिमानानं. पान एकोणिसावर 'आधी' असं छापलं होतं आणि समासात लाल शाईत त्यांची सही होती. दुरुस्ती नव्हती. मागची पानं पाहिल्यावर त्यांना सगळं आठवलं. त्या आठवड्यात त्यांचं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या विभागाचं भांडण जुंपलं होतं: 'मिश्रपीक' हा एक शब्द की मध्ये जोडरेघ. काका एका शब्दाच्या बाजूनं तीन दिवस लढले. पत्रं लिहिली. शब्दकोश दाखवले. आणि जिंकले. चाळीस ठिकाणी जोडरेघ काढून टाकल्याच्या चाळीस लाल खुणा होत्या. उरलेला मजकूर त्यांनी शनिवारी दुपारी एका बैठकीत संपवला होता, एकदाच वाचून. आजारपण, घरची अडचण, डोळ्यांचं ऑपरेशन, असं एखादं भलं कारण आठवतंय का, हे त्यांनी पलंगावर बसून बराच वेळ पाहिलं. आठवेना. जोडरेघच होती.

शेतदिनाला पंचवीस खुर्च्या आल्या आणि अकरा माणसं आली. त्यांतला एक गाडीचा चालक होता. मागच्या खुर्चीवर ताई बसल्या. अधिकारी बाईंनी मका-घेवड्याचं गणित छान समजावलं. मग त्यांनी सगळ्यांना शेतात नेलं, वेल उचलून खालचा पिवळा मका दाखवला, आणि पहिल्या आवृत्तीतल्या चुकीबद्दल सांगितलं. मागून ताईंनी हात वर केला.

"म्हणजे हिरव्या पुस्तकात आधी असंच छापलेलं होतं?"

बाई म्हणाल्या, हो.

"छापलेलंच होतं," ताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

अक्षरजुळणी करणाऱ्याचा घोटाळा, असं बाईंनी पुढं सांगितलं. काकांना तो माणूस आठवला. वर्षानुवर्षं दुपारचा डबा दोघांनी एकाच टेबलावर खाल्ला होता. तोही आता कुठंतरी आपल्या खोलीत बसला असेल, आणि आपण काय केलंय हे त्याला कधी कळणारही नाही. आभार मानण्यासाठी काकांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, कागदावर लिहून आणलेले आभार बाजूला ठेवले आणि म्हणाले की अक्षरं जुळवणाऱ्याची चूक होणारच, ती पकडायला दुसरा माणूस नेमलेला असतो. तो माणूस मी होतो. बत्तीस वर्षं मी लोकांच्या वेलांट्या काढल्या आणि हे एक वाक्य उलटं जाऊ दिलं. मग स्वतःच ते खरं मानून पेरलं.

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गमतीशीर आहे. चालकानं टाळ्या वाजवल्या. जोडरेघेचंही काकांनी सांगितलं, तेव्हा आणखी हसले, आणि काकाही हसल्यासारखे दिसत उभे राहिले. मागच्या खुर्चीवरचा चेहरा मात्र हलला नाही. चहा येण्याआधीच ताई उठून निघून गेल्या होत्या.

त्यानंतर तीन दिवस त्या बांधाकडे फिरकल्या नाहीत. आपल्या शेताच्या पार पलीकडच्या कडेला, पाठमोऱ्या, काम करताना दिसत. घेवडा शेंगांनी लदबदला होता. इतक्या शेंगा एका माणसानं तोडायच्या म्हणजे आठवडा. काकांनी पहिल्या दिवशी दोन पिशव्या भरून जिन्यावर वाटल्या. इंजिनियरांनी घेवड्यानं पोटात वायू होतो असं सांगून अर्धी ठेवून घेतली. शिक्षिका बाईंनी साखळीच्या फटीतून जेवढ्या शेंगा मावल्या तेवढ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी कोणाला नको होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी ताई बांध ओलांडून आल्या. दोन बादल्या घेऊन. एक त्यांनी काकांसमोर ठेवली आणि दुसरी आपल्या हातात धरून उभ्या राहिल्या.

"अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मालक गेले त्याच वर्षी. मी पहिल्यांदाच एकटीनं शेत केलं. सभेत ते पुस्तक वाटलं होतं. त्यात बघून बघून पेरलं. मका आला नाही. नुसता घेवडा. सहा महिने सकाळ-संध्याकाळ घेवडा. पोरं अजून ताटात घेवडा दिसला की उठून जातात." त्या क्षणभर हसल्यासारख्या झाल्या. "सगळे म्हणाले, हिच्यानं व्हायचं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला वाटलं, मीच वाचायला चुकले. पुस्तक चुकेल असं कसं वाटेल? परत म्हणून कधी उघडलं नाही. तुम्ही वाचून दाखवलं तेव्हासुद्धा वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल."

काकांनी समोरची बादली थोडी बाजूला सरकवली.

"परवा उघडलं," ताई म्हणाल्या. "आधीच लिहिलंय."

काकांनी चार दिवस मनात माफीची वाक्यं जुळवली होती. निर्दोष वाक्यं होती. त्यांतलं एकही त्यांनी वापरलं नाही.

"तुम्ही बरोबर वाचलं होतं, ताई," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या. त्या काकांकडे बघत नव्हत्या, वेलाकडे बघत होत्या. मग त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली. "दोन दिवसांत शेंगा जून होतील. तुम्ही त्या टोकानं लागा, मी या टोकानं लागते."

काका शेताच्या त्या टोकाला गेले. मध्ये पुरुषभर वाढलेला, काठ्यांवर, कुंपणावर आणि पाटीवर चढलेला घेवडा होता. ताई दिसत नव्हत्या. बादलीत शेंगा पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मूठभर, थोडा वेळ काही नाही, पुन्हा मूठभर. मध्येच एकदा तो आवाज बराच वेळ थांबला. काकांचे हातही वेलावर तसेच थांबले. त्यांनी कान दिला. हाक मारावी का, असं त्यांना वाटलं, पण काय म्हणून मारायची ते ठरेना.

मग पलीकडे शेंगा पुन्हा बादलीत पडू लागल्या, आणि काकांनी पुढचा वेल हातात घेतला.